वाळूवरून फिरवलेली फळी

कुंदा,

वहिनींनी आज संध्याकाळी तुझी खोली सारवली. सगळी नाही, तुझा पलंग होता तेवढीच जागा. फरशीवर शेण धरत नाही, हे मी सांगायला गेलो, तर म्हणाल्या, "मी सारवते तं धरते." आणि खरंच धरलं. मग नव्या धानाच्या तांदळाचं पीठ चाळणीतून त्या जागेवर पाडलं, तळहातानं सपाट केलं, शेजारी दिवा लावला आणि वर बांबूची टोपली पालथी घातली. उद्या सकाळी टोपली उचलायची आणि पिठावर कुणाचं पाऊल उमटलं ते पाहायचं, गेलेलं माणूस त्या जन्माला गेलं असं समजायचं. माझी आई गेली तेव्हा पाखराचं पाऊल दिसलं होतं. तेव्हापासून वहिनी उठल्याबरोबर आधी अंगणात कण्या टाकतात आणि मग चूल पेटवतात, हे तुला माहीत आहे.

पाऊल उमटलं नाही तर माणूस अजून घरातच अडकलेलं आहे असं समजायचं. त्याची काही इच्छा मागे राहिली आहे असं समजायचं. म्हणून टोपली घातल्यावर वहिनींनी मला हाक मारली.

"भाऊजी, कुंदाची काई इच्छा रायली होती का? रायली असन तं आताच सांगून द्या. नाई तं पीठ तसंच्या तसं राहाते."

मला माहीत नाही, असं मी म्हटलं.

"एवढे पुस्तकं वाचता, अन् बायकोच्या मनातलं मायीत नाई?"

मी इकडे माझ्या टेबलाशी येऊन बसलो. पिठावर माझा विश्वास नाही. तुझाही नव्हता. सगळी नोकरी तू आपल्या गोंदियाजवळच्या गोरेगावच्या शाळेत विज्ञान शिकवलंस, आणि मुंगी चालली तरी पिठावर रेघ उमटते हे आईच्या वेळीच माझ्या कानात सांगितलं होतंस. पण वहिनींनी विचारलेला प्रश्न पिठाचा नाही. तो प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता, एवढंच.

वरवर पाहिलं तर उत्तर सोपं आहे. तुला पुन्हा श्रीलंकेला जायचं होतं, कासवांच्या कामाला. जागा ठेवून घ्या असं तू तिथल्या निलमिनीला कळवलं होतंस. मधेच आजार निघाला आणि तुझी बॅग माळ्यावरून खाली आली, ती नागपूरच्या दवाखान्यात नेण्यासाठी.

पहिल्या वेळी तू निघालीस तेव्हाचं आठवतं. नागपुरात असणाऱ्या तुझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं तुला त्या कामाबद्दल सांगितलं होतं. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालायला येतात, त्यांची राखण करायला देशोदेशीचे लोक येऊन राहतात, वयाची अट नाही. आठवडा तसाच गेला. मग एकदा भात वाढता वाढता म्हणालीस, मी इतकी वर्षं भरती-ओहोटी शिकवली, फळ्यावर चंद्र काढला, पृथ्वी काढली, पाणी फुगवून दाखवलं, आणि समुद्र पाहिला नाही. हे एक प्रकारे खोटं शिकवणंच झालं.

मी म्हटलं, समुद्र पाहायचा तर पुरीला जाऊ, दोघं जाऊ.

"पाहायला नाही हो," तू म्हणालीस. "काहीतरी करायला."

मी समुद्राची पुस्तकं वाचलेला माणूस. गोंदियाच्या कॉलेजच्या ग्रंथालयात माझा जन्म गेला. तिथल्या प्रवासवर्णनांच्या कपाटातलं मी बहुतेक सगळं वाचलं होतं. पण गोरेगाव ते गोंदिया या एसटीच्या रस्त्यापलीकडे मला फारसं जावंसं कधी वाटलं नाही. तू मला दोनदा विचारलंस, चला म्हणून. मी हसून टाळलं, आणि तूही हसलीस. आपलं पुष्कळसं असंच मिटायचं.

वहिनी मात्र हसण्यावारी नेणाऱ्या नव्हत्या. गावाहून मुद्दाम आल्या. आपल्या घराण्यानं तरे, म्हणजे तळी बांधली, त्यांना मातीच्या पाळी घातल्या, पाण्यावाचून आपलं कधी अडलं नाही, मग ही बाई पाणी पाहायला परदेशी का जाते, हे त्यांना कळेना.

"कायले जातेस व? आपला तरा आटला का?" आणि नंतर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सीतेले तं रावनानं उचलून नेलं होतं. हे सोताच्या पायानं जाऊन राहिली लंकेले."

हे वाक्य तू तिकडे गेल्यावर सगळ्यांना भाषांतर करून सांगितलंस. तिथल्या लोकांना ते इतकं आवडलं की निलमिनी, म्हणजे त्या कामाची प्रमुख, तुला रोज सकाळी 'स्वतःच्या पायांनी आलेली' म्हणून हाक मारू लागली. मी इथे फोन कानाला लावून ऐकायचो. तू समुद्राचा आवाज ऐकवायचीस. मला नुसता वारा ऐकू यायचा. पण ऐकू आला असं मी म्हणायचो.

तुझी पहिली चूक मला फार आवडायची. आपल्याकडे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, नांगरताना किंवा उन्हाळ्यात चिखलात कासव सापडलं की आपण काय करतो? त्याच्या पाठीवर हळदकुंकू वाहतो आणि उचलून तळ्यात नेऊन सोडतो. माणूस तोंडानं काही म्हणत नाही, पण एक जीव आपण घरी पोहोचवला असं त्याला वाटतं. तू लहानपणापासून हेच करत आलेली. तिथे पहिल्यांदा वाळू हलली आणि एकामागून एक पिल्लं वर यायला लागली. समुद्र चांगला लांब होता. तू आपली ओढणी पसरलीस, चार-पाच पिल्लं तिच्यात घेतलीस आणि निघालीस पाण्याकडे. कुंकू पर्समध्ये होतं, पण लावलं नाही, तेवढी अक्कल होती, असं तू नेहमी वर जोडायचीस. निलमिनी धावत आली. रागावली नाही. तुझ्या ओढणीतलं एकेक पिल्लू काढून तिनं परत वाळूवर ठेवलं, जिथून उचललं होतं तिथेच. म्हणाली, त्यांना चालू द्या. हे चालणं त्यांना लागतं. चालता चालताच त्यांच्यात कुठेतरी हा किनारा लिहिला जातो, असं आम्ही मानतो, आणि मोठी झालेली मादी मग इथेच परत येते.

मग आम्ही काय करायचं, असं तू विचारलंस. रस्ता करायचा, असं तिनं सांगितलं.

ते रस्त्याचं काम मी तुझ्याकडून इतक्यांदा ऐकलं, की कधी कधी मीच ते केलं आहे असं वाटतं. दिवसभर किनाऱ्यावर माणसं फिरतात. त्यांच्या पावलांचे खड्डे वाळूत राहतात. आपल्याला ते नुसतं पाऊल. पण बोटाएवढ्या पिल्लाला ती विहीर. त्यात ते पडलं की पालथं होतं, निघता येत नाही, मग कावळा येतो, खेकडा येतो, नाहीतर सकाळचं ऊन येतं. म्हणून ऊन उतरलं की सगळ्यांनी लांब दांड्याचे दातेरी पंजे घेऊन वाळू ओढायची, खड्डे बुजवायचे. तू दोन संध्याकाळी पंजा ओढलास आणि मग एक लांब फळी आणि दोरी मागितलीस. धानाची रोपं लावायच्या, रोवणीच्या आधी चिखल झालेल्या बांधीत आपण फळी फिरवतो तशी. लहानपणी तुझ्या वडिलांच्या बैलजोडीमागे त्या फळीवर तू उभी राहायचीस, वजन म्हणून. तिथे बैल नव्हते. दोरी तू स्वतःच्या कमरेला बांधलीस. जर्मनीहून आलेली एक आजीबाई फळीवर वजनाला बसायला तयार झाली होती, पण तू तिला बसू दिलं नाहीस. त्याऐवजी वाळूची पिशवी ठेवलीस.

"गंमत काय होती सांगू?" तू म्हणायचीस. "पुढे चालायचं, आणि मागे माझंच पाऊल मिटत जायचं. टोकाला जाऊन वळून पाहिलं की वाटायचं, इथून कुणी गेलंच नाही."

हे सांगताना तुझा चेहरा जसा होई, तसा मी इतर कशानं झालेला पाहिला नाही. मुक्ता झाली तेव्हाही नाही. मुक्ताला हे सांगितलं तर रागावेल, म्हणून इथेच लिहितो.

तू परत आलीस तेव्हा वहिनी पुन्हा आल्या. बॅग उघडली. त्यात काही नव्हतं. शंख नाही, शिंपला नाही. तिथलं काही उचलून आणायचं नाही असा नियम होता. "परदेसातून आली अन् हात हालवत?" असं म्हणून त्या रुसल्या, आणि तुझ्या कॅनव्हासच्या बुटांतून फरशीवर थोडी वाळू सांडली ती त्यांनीच झाडून उंबऱ्याबाहेर टाकली. बूट कपाटात आहेत. मुक्ता परवा कपाट आवरत होती. तिनं ते उचलले, उलटे केले, शिवणीतून अजून दोन-चार कण पडले. तिनं बूट परत ठेवून दिले.

आता आपलं भांडण. ते राहून गेलं आहे आणि ते मिटवायला आता तू नाहीस, म्हणून मी एकट्यानं मांडतो. त्यात अन्याय आहे, पण इलाज नाही.

मी तुला विचारलं होतं, तू रस्ता केलास, पिल्लू चाललं, आणि अर्ध्यावर खेकड्यानं त्याला धरलं, तर तू काय केलंस? तू म्हणालीस, कावळे आम्ही हाकलायचो, पण एकदा खेकड्यानं ओढून नेलेलं मी पोहोचेपर्यंत बिळात गेलं होतं. मी म्हटलं, ओढणीत असतं तर वाचलं असतं. मी आणखी पुढे गेलो. समुद्रात पोहोचलेल्यांतलीही बहुतेक मरतात, हे तूच सांगतेस, मग रस्ता करून उपयोग काय?

"उपयोग नका विचारू," तू म्हणालीस. "इतक्या मुलांना मी शिकवलं. त्यातलं कोण कुठवर पोहोचलं ते पाहून शिकवलं का?"

मी म्हटलं, हे उत्तर नाही. तू म्हणालीस, उत्तर नाहीच आहे. तेवढ्यात दारात भाजीवाली आली आणि तू तिच्याशी मेथीच्या जुडीवरून बोलायला लागलीस. तिथे ते तुटलं. मग आजार निघाला आणि त्या गोष्टीचा अर्थच बदलला. नंतर मी तो विषय काढला नाही. तूही नाही काढलास. पण तो घरात होता. नागपूरच्या डॉक्टरांनी आणखी एकदा औषध चढवून पाहू म्हटलं तेव्हा तो होता. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि तू माझ्याआधी विचारलंस, "त्यानं मी घरी चालत जाईन का?" डॉक्टर चांगले होते. त्यांनी खाली पाहिलं. मग तू म्हणालीस, तर आताच जाते, आता चालता येतं.

गाडीत मी तुझ्याशी बोललो नाही. भंडारा गेलं, साकोली गेलं, मी खिडकीतून कापून रचलेल्या धानाचे पुंजणे पाहत राहिलो. तू माझ्या हातावर हात ठेवला होतास. तो मी काढला नाही, पण धरलाही नाही. मला वाटत होतं, ही ओढणीतून खाली उतरते आहे आणि मी तिला उतरू देतो आहे.

आणि मग तो सकाळचा प्रसंग. तू जाण्याच्या आदल्या दिवशीचा. बरेच दिवस तू उठली नव्हतीस. वहिनी तुझे केस विंचरत होत्या. तू म्हणालीस, मला अंगणात जायचं आहे, पायरीवर बसायचं आहे. मी पुढे झालो, हात तुझ्या पाठीखाली घातले. तुझं वजन किती उरलं होतं ते मला माहीत होतं. मी तुला सहज उचलू शकलो असतो. तू म्हणालीस, "नको. चालू द्या."

डॉक्टरांनी चालवू नका असं सांगितलं होतं. तू पडली असतीस तर काय झालं असतं, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. वहिनी म्हणाल्या, "उचला ना भाऊजी, काऊन पाहून राहिले?" तू माझ्याकडे पाहिलंस. शाळेत फळ्याशी उभ्या केलेल्या मुलाकडे पाहतात तसं. उत्तर येतं का ते पाहायला.

मी हात काढून घेतले. मग मी खाली वाकलो. सतरंजी गुंडाळली. स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवलं. दारातल्या चपला बाजूला केल्या. पाण्याची बादली सरकवली आणि सांडलेलं पाणी माझ्या पंच्यानं पुसलं. दोन्ही दारं पूर्ण उघडून खिटीनं अडकवली, म्हणजे वाऱ्यानं लोटायला नकोत. आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

तू निघालीस. भिंत धरून, थांबत थांबत. एकदा तुझा गुडघा लचकला आणि माझा हात आपोआप पुढे आला. तू मान हलवलीस. हात मी मागे नेऊन दुसऱ्या हातानं धरून ठेवला. वहिनी पदर तोंडात घालून उभ्या होत्या. मला तुझ्या पावलांचा फरशीवर घासत जाणारा आवाज येत होता. असं पाहत उभं राहणं किती कठीण असतं, कुंदा, हे तू मला तिकडून परत आल्यावर सांगितलं नव्हतंस. की सांगितलं होतंस, आणि मी उपयोग विचारत बसलो होतो?

पायरीवर तू बसलीस. ऊन होतं. वर बिरशीच्या वैमानिक शाळेतलं एक छोटं विमान घिरट्या घालत होतं. तू मान वर करून ते पाहत राहिलीस. धाप ओसरल्यावर म्हणालीस, "रस्ता चांगला केलात."

मला म्हणायचं होतं की आपलं ते भांडण संपलं. किंवा म्हणायचं होतं की संपलेलं नाही, अजून थोडे दिवस दे. दोन्ही खरं होतं, म्हणून एकही तोंडातून निघालं नाही. मी तुझ्या पायांवर शाल टाकली.

दुसऱ्या दिवशी तुला उचललंच. चौघांनी खांद्यावर घेतलं. तू नको म्हणाली नाहीस.

एवढं लिहून काल मी झोपलो होतो. आता सकाळ आहे आणि पुढचं लिहायला हात उचलत नाही, पण तुला सांगायला हवं.

वहिनींनी आंघोळ करून टोपली उचलली. मुक्ता उंबऱ्यात उभी होती. ती पुण्याहून आल्यापासून या सगळ्यावर नाराज आहे, पण उभी होती. पीठ जसं घातलं होतं तसंच होतं. मुंगीची रेघसुद्धा नव्हती. वहिनींनी दिवा हातात घेतला, गुडघ्यांवर बसून या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं. मग दिवा खाली ठेवला.

"काईच नाई," त्या म्हणाल्या. "अडकली व माझी बाई."

त्या रडायला लागल्या. मुक्ता त्यांच्याशेजारी जाऊन बसली. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. काल विचारलेलंच पुन्हा विचारत होत्या, पण या वेळी त्यात टोमणा नव्हता. तुझं जे काही राहिलं ते आपण करू, असं त्यांच्या मनात होतं. मी हो म्हटलं असतं तर त्या गावाहून गाडी जोडून समुद्राला निघाल्या असत्या.

मी त्यांना फळीचं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा मी वहिनींसमोर इतका वेळ बोललो. किनारा सांगितला, बोटाएवढी पिल्लं सांगितली, पावलाची विहीर सांगितली. तू रोज संध्याकाळी कमरेला दोरी बांधून चालायचीस आणि तुझं पाऊल तुझ्यामागे मिटत जायचं, हे सांगितलं. वाळू सपाट दिसली की काम झालं असं समजायचं आणि मग घरी जायचं, हेही सांगितलं. ते मला खरंच पटत होतं का, की वहिनींचं रडं थांबावं म्हणून मी बोलत होतो, ते मला अजून कळलेलं नाही. तुझी इच्छा राहिली होती. ती मला माहीत आहे. पण पायरीवर बसलेल्या तुझ्या चेहऱ्यावर ती मला दिसली नव्हती, हेही मला माहीत आहे.

वहिनी ऐकत होत्या. मधेच विचारलं, "आपन बांधीत फिरवतो तशी?"

"तशीच," मी म्हटलं.

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि पिठाकडे पुन्हा पाहिलं, बराच वेळ, रोवणीआधी बांधी बरोबर झाली का ते पाहावं तसं.

"मंग तिनंच फिरवली असन," त्या म्हणाल्या. आणि मग माझ्याशी नाही, त्या सपाट पिठाशीच बोलल्या. "पन एक तरी पाऊल ठेवाचं होतं व कुंदे. आमी का कासवाचे पिल्लं होतो, पडाले त्याच्यात?"

हे पीठ तळ्यात माशांना सोडायचं असतं. मुक्ता डबा घेऊन आली होती. मी तिला म्हटलं, दुपारी भरू. ते अजून तसंच आहे. तुझ्या खोलीत जाताना आम्ही तिघंही भिंतीच्या कडेकडेनं जातो.